शशीताईंचा नारद

शशीताई परब पहिल्यांदा माझ्या दारात आल्या त्या भांडण लावायला. लालबागच्या त्या उंच इमारतीत मी भाड्यानं राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर ठेंगण्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या एक बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स, जणू कामावरच निघाल्या होत्या. नमस्कार नाही, नावगाव नाही. आवाज खाली आणून म्हणाल्या, “समोरच्या तावडे वहिनी तुमच्याबद्दल काहीबाही बोलत होत्या. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं.”

“काय बोलत होत्या?”

“ते त्यांनाच विचारा. मी कशाला मधे पडू?” असं म्हणून त्या लिफ्टकडे वळल्यासुद्धा.

दिवसभर ते माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी संध्याकाळी मी समोरची बेल वाजवली. तावडे वहिनींनी दार उघडलं तेच कमरेवर हात ठेवून. “तुम्हीच का त्या? आमच्या मासळीच्या वासाची कमिटीकडे तक्रार करणार होतात म्हणे?”

“मी? अहो, मी तर ऐकलं की तुम्हीच माझ्याबद्दल…”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग वहिनींनी कपाळावर हात मारला. “शशी! काय करायचं ह्या शशीचं! या आत. आता आलाच आहात तर चहा घेऊन जा.” मिरजेहून मुंबईत आल्यापासून कुणाच्या घरात बसून प्यायलेला तो माझा पहिला चहा. घटस्फोट नुकताच झाला होता, आणि दिवसातून मी कुणाशी बोलत असेन तर ते ऑफिसात, तेही कामापुरतं.

पुढे कळलं की आमच्या मजल्यावरची बहुतेक माणसं एकमेकांना ओळखू लागली ती अशीच. शशीताईंनी कुणाला सांगितलेलं असायचं की वरचे लोक मुद्दाम खुर्च्या ओढतात, कुणाला सांगितलेलं असायचं की खालच्यांनी तुमच्या मुलाच्या गाण्याला नावं ठेवली. माणसं तावातावानं एकमेकांच्या दारात जायची आणि अर्ध्या तासानं हसत बाहेर यायची. त्याला सगळे ‘शशीची कळ’ म्हणायचे आणि सोडून द्यायचे.

जिथं आमची इमारत उभी आहे तिथं आधी चाळ होती. शशीताईंचा जन्म तिथला. वडील गिरणीत, आई चार घरच्या पोळ्या करायची. चाळ पडली, लोक कितीतरी वर्षं ट्रान्झिट कॅम्पात राहिले आणि मग इमारतीच्या मागच्या भागात ज्याला त्याला स्वतंत्र घर मिळालं. स्वतःचं संडास-बाथरूम, स्वतःची बाल्कनी, आणि घट्ट लागणारं लाकडी दार. जुनी माणसं या दाराचं फार कौतुक करायची. शशीताई मात्र म्हणायच्या, “चाळीत भांडायला निमित्त लागत नव्हतं गो. इथं मला ते घरी तयार करावं लागतं.”

त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. आईवडील गेल्यावर एक भाऊ उरला होता, तो बदलापूरला. दिवाळीत त्याचा फोन यायचा. नोकरी मात्र त्यांनी निवृत्तीपर्यंत केली, परळच्या एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटरची. त्या नोकरीतलं एक वाक्य त्यांच्या तोंडात कायमचं राहिलं होतं. कुणाला प्लंबर हवा असो, कुणाला मुलीसाठी स्थळ हवं असो, शशीताई म्हणायच्या, “थांब हां, जोडून देते.” आणि खरंच जोडून द्यायच्या. रुग्णालयाबद्दल बोलताना त्यांचा चेहरा उजळायचा. “दिवसभर कानात माणसं असायची. एकाला डॉक्टर हवा, एकाला रक्त हवं, एकीला नुसतं ऐकायचं असायचं की नवरा जिवंत आहे. मी रिटायर झाले त्या दिवशी घरी आले आणि कानात इतकं सामसूम झालं, मला वाटलं बहिरी झाले.”

मी दादरला मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका छोट्या प्रकाशनात संपादनाचं काम करते. हे त्यांना अर्थात तावडे वहिनींकडून कळलं. एका शनिवारी दुपारी त्या फुलस्केप कागदांचा गठ्ठा पोटाशी धरून आल्या. या वेळी भांडण आणलं नव्हतं, त्यामुळे जरा अवघडल्या होत्या.

“पोरांसाठी लिहिलंय. म्हणजे अगदी लहान पोरांसाठी नाही, मिसरूड फुटायच्या वयाच्या. नारदाचं आहे.”

नारद म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जे यायचं तेच आलं. चिपळ्या, वीणा, शेंडी, इकडचं तिकडे करणारा विनोदी ऋषी. मी तसं बोलूनही दाखवलं. शशीताईंनी माझ्याकडे जरा रागानंच पाहिलं.

“सगळे त्याला कळलाव्या म्हणतात. मला एक सांग अनघा, तू इतक्या गोष्टी वाचल्यास. कुठल्याही गोष्टीत नारदाला कुणी जेवायला थांब म्हटलंय? इंद्राकडे जातो, कैलासावर जातो, राजवाड्यात जातो. येतो, निरोप सांगतो, नारायण नारायण म्हणतो आणि उभ्या उभ्या निघतो. त्याला कुणी पान वाढल्याचं तू वाचलंयस?”

मी आठवून पाहिलं. मला आठवेना.

“मग? तो असा का झाला असेल, याचा कुणी विचार नको करायला?”

पुराणात नारदाच्या आधीच्या जन्माची एक कथा आहे. तो एका दासीचा मुलगा होता, आई ऋषींच्या आश्रमात राबायची, गाईची धार काढायला गेली असताना तिला साप चावला आणि पोर पोरकं झालं. शशीताईंनी तो धागा धरला होता. त्यांच्या कादंबरीतला मुलगा आई गेल्यावर आश्रमातल्या झोपड्यांतून आळीपाळीनं जेवतो. कुणी त्याला वाईट वागवत नाही, पण कुणी बस असंही म्हणत नाही. एक दिवस एका ऋषिपत्नीला तो सहज सांगतो की पलीकडच्या झोपडीतली गाय व्यायली, आणि ती त्याला हाताला धरून आत नेते, सगळं खोदून खोदून विचारते. त्या दिवशी मुलाला एक गोष्ट कळते. शशीताईंनी ती अशी लिहिली होती: ‘ज्याच्याकडे निरोप असतो त्याला दारातून कुणी परत पाठवत नाही. म्हणून तो निरोप गोळा करू लागला. खरे संपले तेव्हा त्याने स्वतःच बनवले.’

तेवढ्या ओळी वाचून मी त्यांना म्हटलं, “शशीताई, हे पुस्तक आपण करू या.”

मग दर शनिवारी दुपारी त्या माझ्याकडे येऊ लागल्या. माझ्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचे, त्या मोठ्यानं वाचायच्या, मी पेन्सिलनं खुणा करायची. वाचताना त्या सगळ्यांचे आवाज काढायच्या. त्यांचा दक्ष प्रजापती रुग्णालयातल्या एका खडूस अधीक्षकांसारखा बोलायचा आणि इंद्र रजा नाकारलेल्या कारकुनासारखा कुरकुरायचा. मुलाची आई मात्र चक्क मालवणी बोलायची. “खंय गेल्लंस रे? कधीची हाक मारतंय!” मी म्हटलं, आश्रमातली दासी मालवणी कशी बोलेल? त्या म्हणाल्या, “मग काय पुण्यातलं बोलेल? दासी होती ती. माझी आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायची. दोघी सारख्याच बोलणार.” आईचं मालवणी तसंच राहिलं.

एका बाबतीत मात्र आमचं जमेना. कादंबरीतला मुलगा जागोजागी कळ लावत सुटतो, पण त्याची प्रत्येक कळ गोड व्हायची. भांडणारे हसायचे, रुसलेले बोलायला लागायचे. मी म्हटलं, “मोठ्या मुलांना हे खरं वाटणार नाही. एखादी कळ त्याच्या अंगाशी येऊ द्या.”

“नारद कुणाचं वाईट करत नाही.”

“मनात नसतानाही होतं की वाईट.”

“नाही होत,” त्या म्हणाल्या. कागद गोळा केले, पर्समध्ये चष्मा टाकला आणि निघून गेल्या. पुढचे काही शनिवार आल्याच नाहीत.

त्याच सुमारास पितृपक्ष आला. आमच्या इमारतीत दोन सावंत भाऊ राहतात. थोरले आमच्या खालच्या मजल्यावर, धाकटे त्याहून बरेच वर. आई गेल्यापासून दोघांचं बोलणं बंद. थोरल्यांची बायको वारलेली, मुलगा दुबईला, घरात ते एकटेच. चाळीत असताना हे दोघे भाऊ एका ताटात जेवायचे, असं शशीताई सांगायच्या. भावांचा अबोला त्यांना सहन होत नव्हता. आणि त्यांनी नेहमीचाच मार्ग धरला.

थोरल्यांना त्यांनी सांगितलं, “आईच्या म्हाळाला धाकट्याला तुम्ही हवे आहात. पण बोलवायची लाज वाटते त्याला. तुम्ही आपणहून जा.” धाकट्याला सांगितलं की दादा म्हाळाला येणार आहेत, नीट वाग. पण धाकट्यानं ते हसण्यावारी नेलं आणि बायकोच्या कानावरही घातलं नाही. म्हाळ म्हणजे गेलेल्या माणसांच्या नावानं घातलेलं जेवण, त्याला बोलावल्याशिवाय कुणी जात नाही. थोरले सावंत धुतलेला सदरा घालून, हातात नारळ आणि उदबत्तीचा पुडा घेऊन भावाच्या दारात गेले. दार भावजयीनं उघडलं. आत पाहुण्यांची पंगत बसली होती. ती म्हणाली, “तुम्हाला कुणी बोलावलं?” धाकटा आत भटजींपाशी होता. त्यानं वळून पाहिलं, पण उठला नाही. थोरले तसेच, नारळ हातात घेऊन, लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली आले.

सोसायटीची बैठक त्यानंतर झाली, पाण्याच्या वेळेवरून. मी भाडेकरू, पण तावडे वहिनींबरोबर जाऊन मागे बसले होते. बैठक संपत आली तेव्हा थोरले सावंत उठून उभे राहिले. एरवी हा माणूस कुणाशी चढ्या आवाजात बोलत नाही. ते शशीताईंकडे बघून म्हणाले, “परबबाई, तुम्ही माझ्या मेलेल्या आईच्या नावानं खोटं बोललात. तुमचा खेळ झाला. मी सगळ्यांसमोर भिकाऱ्यासारखा दारात उभा राहिलो.” एवढं बोलून ते खाली बसले.

मग एकेक जण बोलू लागला. मला त्या असं म्हणाल्या होत्या, आम्हाला तसं म्हणाल्या होत्या. कालपर्यंत ज्या गोष्टी हसून सांगितल्या जायच्या त्याच आता तक्रार म्हणून आल्या. तावडे वहिनीसुद्धा म्हणाल्या, “शशी, तुझं अतीच झालं बाई.” शशीताई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. त्यांनी एकदाच तोंड उघडलं. “मला वाटलं, तो उठेल. दादाला बघितल्यावर धाकटा उठेल असं वाटलं मला.”

त्यानंतर त्यांच्यासाठी दारं बंद झाली. भांडून नाही, अगदी सभ्यपणे. त्यांनी बेल वाजवली की आतून आवाज यायचा, “जरा कामात आहे.” त्या सकाळी नेहमीसारख्या इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन बाहेर पडायच्या आणि खाली वॉचमनच्या शेजारच्या बाकावर बसायच्या. दुपारी बघावं तर लिफ्टमध्ये. वर जायच्या, खाली यायच्या, पुन्हा वर. एकदा मी विचारलं, “कुठं निघालात?” म्हणाल्या, “कुठं नाही गो. इथं माणसं भेटतात.” लिफ्टमधली माणसं मोबाइलकडे बघत असायची. मजला आला की उतरून जायची.

माझं दार त्यांना उघडं होतं, पण तिथंही त्या येईनात. आपणहून मी दोनतीनदा गेले. टीव्ही बंद, खिडकीला पडदा, ओट्यावर एकच कप. मी बसले की त्या उठून काहीतरी आवरत राहायच्या. “तुला उशीर होत असेल,” म्हणायच्या. इतरांच्या बातम्या नसल्या की या बाईला बोलायला काही उरत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. स्वतःबद्दल बोलण्याची त्यांना सवयच नव्हती.

दिवाळी झाल्यावर एका शनिवारी त्या आल्या. हातात थोडे कागद होते. “हे मधे घालायचं,” म्हणाल्या आणि बसल्याही नाहीत.

ते नवं प्रकरण होतं. मुलगा एकमेकांशी अबोला धरलेल्या दोन ऋषींमध्ये खोटा निरोप नेतो. त्यातला एक म्हातारा ऋषी फळांची करंडी घेऊन दुसऱ्याच्या दारी जातो आणि अपमान होऊन परततो. मुलगा झाडाआडून बघत असतो. ‘त्या संध्याकाळी आश्रमातल्या सगळ्या झोपड्यांच्या ताट्या एकामागून एक लागल्या. मुलाने प्रत्येकीवर टकटक केली. आतून सगळे हेच विचारत होते, काय निरोप आहे? आणि त्याच्याकडे एकही नव्हता.’ मी ते प्रकरण तीनदा वाचलं आणि त्यातला स्वल्पविरामही हलवला नाही.

पुस्तक निघालं. आमच्या प्रकाशकांनी नाव ठेवलं ‘दारोदारचा नारद’. शशीताईंना ते पसंत पडलं. मुखपृष्ठावर पाठमोरा मुलगा आहे, पायवाटेवर. एकदोन वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या. फार काही खपलं नाही. बदलापूरच्या भावाला त्यांनी प्रत पाठवली, तो फोनवर म्हणाला, “छान आहे छपाई.” इमारतीत कुणी विकत घेतलं नाही, निदान मला कळलं तरी नाही.

त्यातल्या त्यात एक बरं झालं. दादरच्या एका शाळेनं आठवी-नववीच्या मुलांसमोर वाचन ठेवलं. शशीताईंनी त्या दिवशी नवी साडी नेसली. मुलं सुरुवातीला चुळबुळत होती, पण दक्ष प्रजापतीचा आवाज काढल्यावर सगळा वर्ग हसला, आणि आईला साप चावतो तिथं अगदी शांत झाला. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. किती महिन्यांनी मी शशीताईंना असं बोलताना ऐकत होते.

वाचन संपल्यावर वर्गाच्या बाईंनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? दोनतीन नेहमीचे प्रश्न आले. मग तिसऱ्या बाकावरची एक चष्मेवाली मुलगी उठली. “मॅडम, त्याला एकटं वाटत होतं ना? मग तो सरळ सांगत का नाही कोणाला? एवढी सगळी लावालावी करण्यापेक्षा ते इझी आहे ना.”

वर्गात खसखस पिकली. शशीताई म्हणाल्या, “सोपं आहे?”

“हो. म्हणजे… मला वाटतं.”

“तू सांगतेस कुणाला?”

ते विचारण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मुलगी बाकाच्या कडेकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “नाही सांगत.”

शशीताई व्यासपीठावरून खाली उतरल्या आणि त्या मुलीच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या. मुलगीही बसली. बाईंना काय करावं कळेना, त्यांनी आभार मानायला सुरुवात केली. आभार संपेपर्यंत त्या दोघी तशाच बसून होत्या.

परत येताना मी टॅक्सीला हात केला तर शशीताई म्हणाल्या, “चालू या.” दादरपासून लालबागपर्यंत आम्ही चालत आलो. हिंदमाता, परळ, सगळीकडे संध्याकाळची गर्दी, हॉर्न, पुलाखाली भाजीवाल्यांच्या गाड्या. त्या सरळ समोर बघत चालल्या होत्या. मला काळजी वाटली. रुग्णालयाजवळून गेलो तेव्हासुद्धा त्यांनी मान वळवली नाही.

लिफ्टमध्ये त्यांनी आमच्या मजल्याचं बटण दाबलं नाही, खालच्या मजल्याचं दाबलं. मी म्हटलं, “शशीताई, चुकलं.” त्यांनी मान हलवली. लिफ्ट उघडली तशा त्या सरळ थोरल्या सावंतांच्या दारापाशी गेल्या. मी लिफ्टजवळच उभी राहिले. त्यांनी बेल वाजवली. आतलं दार उघडलं, बाहेरचं जाळीचं मात्र बंदच राहिलं.

“काय आहे?” सावंत म्हणाले. “आता काय नवीन आणलंत?”

“काही आणलं नाही,” शशीताई म्हणाल्या. “निरोप नाही, काही नाही. मला घरात एकटीला बसवत नाही सावंत. फार एकटं वाटतं. थोडा वेळ तुमच्याकडे बसू का?”

सावंत जाळीतून बघत राहिले. मला वाटलं, आता दार लागणार. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग परत शशीताईंकडे.

“दूध संपलाहा,” ते म्हणाले. “चाय नाय होवची.”

“नको चहा.”

त्यांनी जाळीची कडी काढली. “येवा.”

दार लागलं. मी घरी आले आणि दार किलकिलं ठेवून बसले. बऱ्याच वेळानं शशीताई वर आल्या. मी विचारलं, “काय झालं? काय बोललात?”

“काही नाही बोललो. क्रिकेट चालू होतं टीव्हीवर. मला त्यातलं काय कळतंय?” त्यांनी चपला काढल्या, खुर्चीत बसल्या आणि पदर तोंडाला लावला. “पण ऊठ म्हणाले नाहीत गो. शेवटपर्यंत ऊठ म्हणाले नाहीत.” आणि त्या रडू लागल्या. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं रडताना पाहिलं.

त्यानंतर त्या तसंच करू लागल्या. कुणाच्याही दारात जायच्या आणि सरळ सांगायच्या, मला एकटं वाटतंय, थोडा वेळ बसू का? सगळ्यांनीच दारं उघडली असं नाही. काही जण गोंधळायचे, काहींना त्याचा रागच यायचा. एक बाई मला म्हणाल्या, “भांडण घेऊन यायच्या ते परवडलं. हे ऐकून काय करायचं माणसानं?” धाकट्या सावंतांकडे त्या दोनदा गेल्या, दोन्ही वेळा दार लागलं. त्या दोन भावांचं बोलणं आजही नाही. तावडे वहिनींनी सुरुवातीला “आत्ता नको” म्हटलं. मग एका संध्याकाळी भिजलेल्या वालांची परात त्यांच्यासमोर सरकवली आणि म्हणाल्या, “बसायचंच आहे तर सोल.” तेव्हापासून वहिनींकडे सोललेल्या वालांची, डाळिंब्यांची उसळ जरा जास्तच व्हायला लागली.

एक मात्र मी पाहिलं. शशीताई हळूहळू गप्प झाल्या. पूर्वीचा तो खाली आणलेला आवाज, डोळ्यांतली चमक, “तुला म्हणून सांगते” हे सगळं गेलं. त्या नुसत्या बसायच्या. मला त्या जुन्या शशीताईंची कधीकधी इतकी आठवण यायची, की समोर बसलेल्या असूनही वाटायचं, यांनी आता काहीतरी धडधडीत खोटं सांगावं. एकदा मी विचारलं, “आता बरं वाटतं का?” त्यांनी वाल सोलता सोलता विचार केला. “एकटं वाटायचं काही थांबत नाही अनघा. पण लपवायचे कष्ट वाचले.”

पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. संध्याकाळी तावडे वहिनी परात मांडून बसल्या होत्या. शशी आली नाही म्हणून त्यांनी माझी बेल वाजवली. आम्ही बोलतो आहोत तोवर थोरले सावंत जिना चढून वर आले. “परबबाई आज खाली आल्या नाहीत,” म्हणाले. शशीताईंच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. आम्ही तिघांनी मिळून दार उघडलं. त्या कुशीवर झोपल्या होत्या, उशाला चष्मा होता. अंग अजून पूर्ण गार झालेलं नव्हतं. त्यांना कुणी दिवसरात्र पडून राहू दिलं नाही, एवढं समाधान आम्हा तिघांना त्या वेळी फार मोठं वाटलं. भोईवाड्याच्या स्मशानात इमारतीतली पुष्कळ माणसं आली. धाकटे सावंतही आले होते, भावापासून लांब, नळाच्या बाजूला उभे होते.

शशीताईंचं घर बदलापूरच्या भावानं भाड्यानं दिलंय. तिथं एक तरुण जोडपं राहतं, दोघंही कामावर असतात. पुस्तकाच्या उरलेल्या प्रती आमच्या ऑफिसात आहेत. अधूनमधून एखादी शाळा मागवते.

मी अजून त्याच मजल्यावर आहे. संध्याकाळी ऑफिसातून येते, दिवे लावते, कुकर लावते. तावडे वहिनींकडे जाणं होतं, पण जाताना माझ्या हातात काहीतरी असतंच. त्यांचं आलेलं कुरिअर, परत करायचा डबा, मिरजेहून आलेले पेढे. दोन मिनिटं दारात बोलते आणि परत येते. “बस ना,” त्या म्हणतात, मी म्हणते, “नको, काम आहे.” शशीताई ज्या वाक्यासह रिकाम्या हातानं लोकांच्या दारात उभ्या राहायच्या, ते म्हणायला किती जोर लागत असेल, हे मला त्या होत्या तेव्हा कळलं नव्हतं.

परवा रविवारी मी तशी गेले होते. हातात काही न घेता. बेलवर बोटही ठेवलं होतं. आतून टीव्हीचा आवाज येत होता, वहिनी कुणाला तरी काहीतरी सांगून हसत होत्या. मी मनात वाक्य जुळवत होते. तेवढ्यात मागे लिफ्ट उघडली, कुणीतरी बाहेर आलं आणि म्हणालं, “काय, घरी नाहीत का वहिनी?”

“नाही, असतील,” मी म्हटलं. “सहजच आले होते.” आणि घरात येऊन दार लावून घेतलं.